‘ग्राहकाची इच्छा’ आणि मालकाचा आराखडा

कोणत्याही मोठ्या शहरातील रेल्वे स्थानकाबाहेर थोडा वेळ उभे राहून पाहावे. दादर असो, नागपूर असो, नवी दिल्ली असो वा हैदराबाद. मोबाइलची कव्हरे विकणारा एक तरी विक्रेता तेथे आढळतोच. दोरीला टांगलेली रबराची व प्लॅस्टिकची कव्हरे आणि पडद्यावर चिकटवायच्या काचा, एवढाच त्याचा माल. वीस-तीस हजार रुपयांचा, बहुधा हप्त्यांवर घेतलेला नवा फोन घेऊन माणूस त्याच्यापाशी येतो आणि शे-दीडशे रुपयांचे कव्हर त्यावर चढवून मगच निश्चिंत होतो. जाहिरातीत ज्या चकाकत्या पाठीचे आणि नाजूक कडांचे गोडवे गायलेले असतात, ती पाठ आणि त्या कडा त्यानंतर दोन-तीन वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. पैसे मोजले चकाकीचे. हातात धरले मात्र प्लॅस्टिक!

या नित्याच्या दृश्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. फोन काचेचा का? त्याची बॅटरी बंदिस्त का? इयरफोनचे छिद्र का गेले? असे विचारले की कंपन्यांकडून एकच उत्तर मिळते : ‘ग्राहकाला हेच हवे असते.’ हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की आपल्यापैकीही अनेकांना ते खरे वाटू लागले आहे. म्हणून ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

मार्क्सने १८५७ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत दाखवून दिले होते की, उत्पादन केवळ गरज भागवणारी वस्तू निर्माण करीत नाही, तर त्या वस्तूची गरज बाळगणारा माणूसही घडविते. स्मार्टफोनचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास हे या विधानाचे जणू प्रात्यक्षिकच होय. तथापि एवढे सांगून थांबणे म्हणजे ग्राहकाला केवळ भोळा ठरविणे होईल. वस्तुस्थिती अधिक बोधप्रद आहे. ग्राहकाने आपली इच्छा अनेकदा स्पष्टपणे व्यक्त केली आहे. प्रश्न आहे तो ती इच्छा केव्हा ऐकली जाते आणि केव्हा डावलली जाते, हा.

दोन बॅटऱ्यांची कथा

नोकियाने २००३ साली ११०० हा फोन बाजारात आणला. भारतासारख्या देशांतील सामान्य माणूस डोळ्यांपुढे ठेवून तो बनविण्यात आला होता. धूळ आत जाऊ नये असा कळफलक, घामट हातातून निसटू नये अशा कडा, आणि वीज गेली तर उपयोगी पडणारी छोटीशी विजेरी. प्लॅस्टिकचे आवरण बोटाने उघडत असे व बॅटरी नखाने निघत असे. जगभरात पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. तेव्हा सामान्य ग्राहकाच्या गरजेनुसार वस्तू बनवून नफा मिळत नाही, असे कोणी म्हणू नये. मिळतो, पण तो एकदाच मिळतो, कारण असा फोन वर्षानुवर्षे चालतो.

ऑगस्ट २००७ मध्ये याच कंपनीच्या बीएल-५सी या बॅटरीसंबंधी इशारा प्रसिद्ध झाला. एका जपानी पुरवठादाराने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना अतिशय तापण्याची शक्यता होती. आपल्याकडे तेव्हा केवढी घबराट उडाली होती, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. लोक फोन उघडून बॅटरीवरील क्रमांक पाहत आणि दोषी ठरलेली बॅटरी बदलून घेत. फोन मात्र त्यांच्यापाशीच राही.

त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१६ साली, सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. या वेळी बॅटरी बंदिस्त होती. दोष एका सुट्या भागाचा, पण परत मागवावे लागले सुमारे पंचवीस लाख संपूर्ण फोन. बदलून दिलेल्या फोनांनीही पेट घेतल्यावर ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावे लागले. पहिल्या प्रसंगी दोष बॅटरीपुरता मर्यादित राहिला. दुसऱ्या प्रसंगी पडदा, कॅमेरा, चिप, धातू आणि त्यांत ओतलेले मानवी श्रम हे सारे एका झटक्यात निकामी ठरले. नऊ वर्षांतील ही ‘प्रगती’ कोणत्या ग्राहकाने मागितली होती?

पाण्याचा बहाणा

यावर असा युक्तिवाद केला जातो की, फोन पाण्यात टिकावा असे लोकांना वाटते आणि त्यासाठी बॅटरी बंदिस्त करणे अपरिहार्य आहे. पावसात भिजत कामावर जाणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. परंतु तो वस्तुस्थितीला धरून नाही.

२०१४ सालचा सॅमसंग गॅलक्सी एस५ पाहा. त्याची पाठ प्लॅस्टिकची होती, ती बोटाने निघत असे, बॅटरी बदलता येत असे, स्मृतिकार्ड घालता येत असे. आणि असे असूनही एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी तो उत्तीर्ण झालेला होता. पुढच्याच वर्षी आलेल्या एस६ मध्ये काचेची पाठ व धातूची चौकट आली. बॅटरी बंदिस्त झाली, कार्डाची खाच गेली आणि त्याबरोबर पाण्यात टिकण्याची हमीही गेली! म्हणजे बंदिस्त फोन पाण्याला कमकुवत आणि उघडता येणारा फोन पाण्याला भक्कम, असे उलटे चित्र दिसले. ग्राहकांनी तक्रारींचा भडिमार केल्यावर २०१६ च्या एस७ मध्ये कार्डाची खाच व पाण्याची हमी परत आली. बॅटरी मात्र परत आली नाही. २०२१ च्या एस२१ मध्ये कार्डाची खाच पुन्हा नाहीशी झाली, आणि त्याच वेळी मूळ फोनची पाठही पुन्हा प्लॅस्टिकची झाली. तोपर्यंत ‘प्लॅस्टिक म्हणजे हलके, काच म्हणजे उच्च प्रतीचे’ हे सूत्र ग्राहकाला पढवून झाले होते.

या देवघेवीत एक संगती आहे. ज्या गोष्टी ग्राहकाला पुन्हा खर्चात पाडतात, त्या एकदा आल्या की सहसा जात नाहीत. बॅटरी बंदिस्त झाली की फोनचे आयुष्य बॅटरीएवढे होते. कार्डाची खाच गेली की अधिक साठवणुकीचे दाम कंपनीलाच मोजावे लागतात. इयरफोनचे छिद्र ॲपलने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून काढले, तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून त्याला ‘धैर्य’ असे नाव दिले. त्याच समारंभात १५९ डॉलर किमतीचे बिनतारी इयरफोन जाहीर झाले, ज्यांच्या चिमुकल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात व ग्राहकाला बदलता येत नाहीत. धैर्य कंपनीचे, खर्च ग्राहकाचा!

धातूंची फेरी

आता आवरणाच्या द्रव्यांकडे वळू. २०१७ पासून ॲपलने आपल्या महागड्या फोनना पोलादाची चौकट दिली आणि तिच्या मजबुतीची वाखाणणी केली. २०२३ मध्ये पोलाद जाऊन टायटॅनियम आले. आता हलकेपणाची वाखाणणी झाली. २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये टायटॅनियमही गेले व ॲल्युमिनियम आले. आता उष्णता लवकर बाहेर पडते म्हणून वाखाणणी. ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक आहे, हे खरेच आहे. पण ते २०२३ सालीही खरे होते. प्रत्येक बदलाला काही तांत्रिक कारण असते, हे आम्ही नाकारीत नाही. पाठ काचेची करण्यामागेही बिनतारी चार्जिंगसाठी धातूचा अडथळा दूर करणे हे एक कारण होते. आमचे म्हणणे एवढेच की, या द्रव्यांची निवड करताना फोन पडल्यावर काय होईल, तो कोण दुरुस्त करील, दुरुस्तीला किती पैसे पडतील, हे प्रश्न शेवटच्या रांगेत उभे असतात. दुकानाच्या दिव्याखाली तो कसा दिसेल, हा प्रश्न मात्र पहिल्या रांगेत असतो. उपयोगमूल्यावर विनिमयमूल्याने केलेली ही कुरघोडी आहे.

आणि या चकाकीची किंमत केवळ ग्राहक देत नाही. चीनमधील सूचौ येथील एका पुरवठादार कारखान्यात स्पर्शपडदे पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे द्रव्य वापरण्यात येऊ लागले. ते अल्कोहोलपेक्षा लवकर उडून जाते, म्हणजे तासाला अधिक पडदे पुसून होतात. पण त्याच्या वाफा मज्जातंतूंवर घाला घालतात. कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, काहींना चालणे कठीण झाले. १३७ कामगारांना बाधा झाल्याचे ॲपलने फेब्रुवारी २०११ च्या स्वतःच्या अहवालात मान्य केले. त्याच वर्षी छेंगतू व शांघाय येथील कारखान्यांत आयपॅडची ॲल्युमिनियमची आवरणे घासून गुळगुळीत करताना उडालेल्या भुकटीचे स्फोट झाले. हवेत तरंगणारी ॲल्युमिनियमची भुकटी दारूगोळ्यासारखी पेटते. सात महिन्यांतील या दोन स्फोटांत ४ कामगार ठार व ७७ जखमी झाले. ती गुळगुळीत पाठ नंतर बहुतेकांनी कव्हरात झाकून टाकली असेल. जी चकाकी कोणी पाहणार नव्हते, तिच्यासाठी माणसे मेली.

हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. तामिळनाडूतील होसूरजवळ टाटा समूहाच्या कारखान्यात आयफोनची आवरणे तयार होतात. २८ सप्टेंबर २०२४ रोजी तेथे आग लागून उत्पादन थांबवावे लागले. आवरण कशाचे असावे हा निर्णय दूर कॅलिफोर्नियात होतो. त्याची भुकटी, रसायने आणि धग मात्र आपल्या देशातील तरुण कामगार सोसतात. म्हणून फोन कशाचा बनवावा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नसून कामगारवर्गाचा प्रश्न आहे.

एक अनपेक्षित कसोटी

‘ग्राहकाला नवाच फोन हवा असतो’ या दाव्याची एकदा खरोखरीची कसोटी झाली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला मान्य करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या फोनची गती कंपनी सॉफ्टवेअरद्वारे कमी करीत होती आणि हे ग्राहकांना स्पष्टपणे सांगण्यात आले नव्हते. जुना फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असा खुलासा कंपनीने केला. पण फोन मंदावण्याचे कारण म्हातारी झालेली बॅटरी आहे, हेच ग्राहकाला ठाऊक नसल्याने तो बॅटरीऐवजी नवा फोन घेत होता. जनक्षोभ उसळल्यावर कंपनीने क्षमा मागून २०१८ या एका वर्षापुरता बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

मग काय झाले? २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीने भागधारकांना पत्र लिहून तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जांवर उतरविला. मुख्य कारण चीनमधील मंदी असे देण्यात आले. परंतु स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्याने काही ग्राहकांनी नवा फोन घेतला नाही, हेही एक कारण म्हणून नोंदविण्यात आले. दुरुस्ती परवडू लागताच लोकांनी दुरुस्ती निवडली, आणि कंपनीच्या दृष्टीने हे दुश्चिन्ह ठरले! पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या शासनाने याच प्रकरणी कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा

तथापि प्रामाणिकपणे विचार करायचा तर आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही मांडला पाहिजे. लहान आकाराचा फोन हवा, अशी मागणी अनेक वर्षे होत होती. ॲपलने २०२० व २०२१ साली तसे ‘मिनी’ फोन काढले. खप अपेक्षेइतका झाला नाही आणि २०२२ मध्ये नवा मिनी आलाच नाही. नेदरलँड्समधील फेअरफोन ही कंपनी स्क्रू काढून कोणालाही दुरुस्त करता येईल असा फोन बनविते; पण तिचा वाटा अत्यल्प आहे. यावरून काही जण म्हणतात की लोक बोलतात एक आणि विकत घेतात दुसरेच.

याचे उत्तर असे. आकार ही आवडीची गोष्ट आहे. त्यात मतभेद असणारच. बॅटरीचे तसे नाही. लिथियमची बॅटरी रसायनाच्या नियमानेच झिजते. ती श्रीमंताचीही झिजते आणि गरिबाचीही. जी गोष्ट हमखास संपणार, ती बदलता यावी ही आवड नव्हे, गरज आहे. आणि एकट्यादुकट्या ग्राहकाने दुकानात उभे राहून ही गरज लादावी, हे शक्य नाही. दहा फोनपैकी दहांची बॅटरी बंदिस्त असेल, तर निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे रंगाची निवड एवढेच उरते. फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकलाच जात नाही. पुण्याच्या वा पाटण्याच्या कामगाराने तो न घेतल्याचा दोष त्याला कसा देणार?

परंतु ग्राहक संघटित असला म्हणजे काय घडते, हेही पाहावे. सॅमसंग स्वतःच ‘एक्सकव्हर’ नावाचे फोन बनविते. कारखाने, मालवाहतूक कंपन्या, शासकीय खाती हे त्यांचे गिऱ्हाईक. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांतील एक्सकव्हर ७ भारतातही आला. त्याची बॅटरी हाताने काढता येते, इयरफोनचे छिद्र शाबूत आहे, पडण्याचा धक्का तो सोसतो आणि पाण्यातही टिकतो. म्हणजे जे ‘अशक्य’ म्हणून सामान्य ग्राहकाला सांगितले जाते, ते घाऊक खरेदीदाराला बिनबोभाट पुरविले जाते! मालकाला आपल्या नोकराच्या हातचा फोन टिकाऊ लागतो. त्याच नोकराने स्वतःच्या पगारातून घेतलेला फोन मात्र काचेचा असला तरी चालतो. इच्छा दोघांची एकच. फरक आहे तो मागणीमागील बळाचा.

याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी घालून दिले आहे. पोषण आहाराच्या नोंदींसाठी शासनाने त्यांना मोबाइल दिले. दोन जीबी स्मृतीच्या त्या फोनवर काम पेलेना, ते तापत व बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी मारला जाऊ लागला. त्यात नोंदींचे ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन छेडले. त्यांच्या मागण्या पाहा : काम पेलणारा फोन, आपल्या भाषेतील ॲप, आणि दुरुस्तीचा भार आमच्यावर नको. पातळपणा वा पाठीची चकाकी यांचा त्यांत उल्लेखही नाही. फोन हे ज्याच्या कामाचे हत्यार आहे त्याला काय हवे असते, हे जाणून घेण्यासाठी याहून चांगली पाहणी कोणती असेल?

आता करावयाचे काय?

युरोपीय संघाने कायद्याचा मार्ग धरला आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे सर्व नव्या फोनना एकच चार्जिंगची खाच बंधनकारक झाली; ज्या कंपनीने दहा वर्षांहून अधिक काळ स्वतःची वेगळी तार विकली, तिनेही २०२३ मध्येच मुकाट्याने ती बदलली. २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग पुरविणे आणि पाच वर्षे सॉफ्टवेअरची सुधारणा देणे आवश्यक झाले. १८ फेब्रुवारी २०२७ ही ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता येण्यासाठी ठरविलेली तारीख आहे. मात्र हजार वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता टिकविणाऱ्या व पाण्यात टिकणाऱ्या फोनसाठी त्यात पळवाट ठेवलेली आहे. भांडवलदारी राज्ययंत्रणेकडून सवलत मिळते तीही दार अर्धे उघडे ठेवून! तरीही जे काल ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ होते, ते कायदा येताच शक्य होते, हा धडा महत्त्वाचा आहे.

आपल्या देशात जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली गेली, २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासंबंधीचा अहवाल सादर झाला. परंतु पोर्टल म्हणजे हक्क नव्हे आणि निर्देशांक म्हणजे सुटा भाग नव्हे. दिल्लीच्या गफ्फार मार्केटमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर हजारो कारागीर भिंग लावून फोन जिवंत करीत असतात. त्यांच्या कौशल्यावर देशातील गरीब ग्राहक उभा आहे. अस्सल भाग त्यांना न मिळू देणे, आणि दुसऱ्याने बसविलेला भाग फोनने सॉफ्टवेअरद्वारे नाकारणे, ही या कारागिरांच्या पोटावर मारलेली लाथ आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ च्या कायद्याने भाग असे फोनशी जखडून ठेवण्यास बंदी केली. मग भारताला कोणती अडचण आहे?

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. बॅटरी साध्या हत्याराने बदलता आली पाहिजे. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती प्रत्येक कारागिराला वाजवी दरात मिळाली पाहिजे. शासनाने कामासाठी दिलेल्या प्रत्येक फोनच्या दुरुस्तीची जबाबदारी शासनाची असली पाहिजे, आणि शासकीय खरेदी बॅटरी बदलता येणाऱ्या फोनचीच झाली पाहिजे. आवरणे व पडदे बनविणाऱ्या कारखान्यांत भुकटी व रसायने यांची तपासणी कामगारांच्या प्रतिनिधींसमक्ष झाली पाहिजे. अंगणवाडी व आशा सेविका, घरोघर माल पोचविणारे तरुण, दुरुस्ती करणारे कारागीर आणि होसूर-श्रीपेरुंबुदूरचे कारखाना कामगार हे सारे एकाच फोनच्या साखळीतील दुवे आहेत. त्यांच्या संघटनांनी या मागण्या स्वतंत्रपणे न मांडता एकत्र मांडाव्यात.

आणि हे करीत असताना आपण स्वतःकडेही पाहावे. बॅटरी थकली म्हणून आपल्यापैकी कितीजणांनी फोनच बदलला? ‘जुना झाला’ असे म्हणताना त्याचा कोणता भाग जुना झाला होता, हे आपण विचारले होते का? पुढच्या वेळी दुकानदार नवा फोन पुढे सरकवील, तेव्हा आधी एवढेच विचारावे : याची बॅटरी कोण बदलील, आणि किती रुपयांत? हा प्रश्न एकाने विचारला तर दुकानदार हसेल. लाखोंनी, संघटितपणे विचारला, तर आराखडा बदलेल.